कँपर व्हॅनने अमेरिका फिरताना गावाकडची काउंटी फेअर, म्हणजे शेतकी जत्रा, बघावी का? मुक्काम कुठे करावा?

बघावीच. वेळ कमी असेल तर एखादं नॅशनल पार्क गाळा.

आम्ही बॉस्टनहून व्हाइट माउंटन्समधली पानगळ बघायला निघालो होतो. वाटेत मेन राज्यातल्या फ्रायबर्गला जत्रा लागली. १८५१ पासून भरते, ऑक्टोबरच्या सुरुवातीला आठवडाभर चालते. पाळणे आणि तळलेले गोड पदार्थ कुठेही मिळतात, त्यात वेळ घालवू नका. आधी बैल बघा.

मी खटाव तालुक्यातला. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिल्लारांचा बाजार बघत वाढलो. फ्रायबर्गला होल्स्टिन आणि शॉर्टहॉर्न जातीच्या बैलांच्या जोड्या बघितल्या, एकेक बैल टनभराचा. जोडीचं वजन करून गट पाडतात आणि सिमेंटचे ठोकळे लादलेली घसरगाडी ओढायला लावतात. नाकात वेसण नाही, कासरा नाही. माणूस हातात बारीक काठी घेऊन शेजारून चालतो. 'जी' म्हटलं की जोडी उजवीकडे वळते, 'हॉ' म्हटलं की डावीकडे. शाळकरी पोरंसुद्धा आपली खोंडं घेऊन रिंगणात उतरतात.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी मोबाइलवर घरच्या खिल्लारांचा फोटो दाखवला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचं जू जागेवर राहतं कसं?" मी वशिंड दाखवलं, शिवळा म्हणजे बैलाच्या मानेच्या बाजूला जुवात घालायच्या काठ्या समजावल्या. त्यांच्या गुरांना वशिंड नसतं, म्हणून गळ्याखालून वाकवलेल्या लाकडाची कमान घालून ती जुवात अडकवतात. त्याने माझा हात धरून ती कमान चाचपायला लावली आणि शेजारच्या गोठ्यातल्या दोघांना फोटो बघायला हाक मारली. इतक्या वर्षांत या देशात माझ्या गावाबद्दल एवढ्या आस्थेने कुणीच विचारलं नव्हतं.

तिथूनच दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "तिकडं जाऊनबी बैलच बघतोयस व्हय?" आमची जोडी त्यानेच विकली. तेव्हा म्हणाला होता, बैल ठेवणं म्हणजे मागासलेपण, अमेरिकेत दिसतो का कुठं बैल? दिसतो. तिथे बैल शिकवणाऱ्या पोरांना लोक टाळ्या वाजवून बक्षिसं देतात. कडबा महागला, गडी मिळत नाही, हे मला मान्य आहे. मग परवडत नाही म्हणा, मागासलेपण म्हणू नका. तुमच्याही घरात हा वाद झाला असेल, तर वडीलधाऱ्यांना या जत्रेला नक्की घेऊन जा.

अर्थात मेनमध्येही नांगरट ट्रॅक्टरनेच होते. हे बैल बहुतेक हौसेने पाळलेले असतात. आणखी एक: अशा जत्रांमध्ये मुलांनी वाढवलेल्या गोऱ्ह्यांचा, मेंढरांचा लिलाव होतो आणि ती जनावरं खाटकाकडे जातात. लहान मुलं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवा.

मुक्कामाचं म्हणाल तर फ्रायबर्गला जत्रेच्या आवारातच व्हॅन लावता येते, पण जागा फार आधी धरावी लागते. शनिवार-रविवारी ३०२ नंबरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, त्यामुळे मधल्या वारी जा. बैलांची घसरगाडी ओढायची स्पर्धा कोणत्या दिवशी आहे ते मात्र वेळापत्रकात बघूनच निघा.