थांबलेला दगड उलटा फिरत नाही

प्रश्न : पिठाच्या गिरणीचा दगड मिनिटाला ६०० फेरे घेत असताना वीज जाते आणि त्याचा वेग दर सेकंदाला ०.२५ फेरे प्रतिसेकंद असा एकसारखा कमी होत जातो, तर वीज गेल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात दगडाचे किती फेरे होतील? सूत्राने माझे उत्तर १५० येते, उत्तरसूचीत मात्र २०० दिले आहे. आकडेमोडीत चूक सापडत नाही.
— बारावीचा विद्यार्थी, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : तुमची आकडेमोड बरोबर आहे आणि उत्तरसूचीही बरोबर आहे. कोनीय विस्थापन म्हणजे सुरुवातीचा कोनीय वेग गुणिले काळ, अधिक कोनीय त्वरण गुणिले काळाचा वर्ग यांचे अर्धे. मिनिटाला ६०० म्हणजे सेकंदाला १० फेरे आणि त्वरण ऋण, म्हणून ६० सेकंदांसाठी ६०० − ४५० = १५० हे उत्तर मिळते.

मात्र त्वरण स्थिर आहे तोवरच हे सूत्र लागू पडते, आणि येथे ते पूर्ण मिनिटभर स्थिर राहत नाही. सेकंदाला १० फेऱ्यांचा वेग दर सेकंदाला ०.२५ ने घटत गेला, तर ४० सेकंदांत तो शून्य होतो. त्या काळातील सरासरी वेग सेकंदाला ५ फेरे, म्हणून एकूण फेरे ५ × ४० = २००. उरलेले २० सेकंद दगड स्थिर असतो.

मग सूत्रातले ५० फेरे गेले कुठे? तेच त्वरण ४० सेकंदांनंतरही चालू आहे असे सूत्र मानते, म्हणजे त्याच्या लेखी दगड उलट दिशेने फिरू लागतो आणि २० सेकंदांत ½ × ०.२५ × ४०० = ५० फेरे मागे जातो. घर्षण असे कधीच करत नाही. ते गतीला विरोध करते, आणि गती संपली की तो विरोधही संपतो. खानदेशात कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ दळायला गेलेल्या कोणीही, वीज गेल्यावर दगड मंदावत थांबतो आणि मागे फिरत नाही, हे पाहिलेले असते. ते निरीक्षण गणित सोडवताना बाजूला ठेवू नये. म्हणून वेग कमी होत असलेल्या प्रत्येक उदाहरणात आधी थांबण्याचा काळ काढावा आणि विचारलेला काळ त्याहून मोठा आहे का, हे पाहावे, असा माझा आग्रह आहे.

अशा उदाहरणांत सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, काळ आणि विस्थापन या पाचांपैकी तीन राशी माहीत असल्या की उरलेल्या दोन निघतात. त्यासाठी सगळे रेडियनमध्ये (कोन मोजण्याचे एकक; एक फेरा म्हणजे २π रेडियन) बदलण्याची गरज नाही. एकक सर्वत्र एकच असले की पुरे. दगडाच्या कडेचा रेषीय वेग विचारला, तर मात्र रेडियन अनिवार्य आहे : त्रिज्या ०.३ मीटर असेल, तर सेकंदाला १० फेरे म्हणजे ६२.८ रेडियन, म्हणून सुरुवातीचा वेग ६२.८ × ०.३, म्हणजे सेकंदाला सुमारे १८.८ मीटर येतो.