ऑफिशियस, नोझी पार्कर आणि माटोळीखालचे काका

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, फोंड्याला असते. शेजारच्या मुलाला हॉटेलातल्या नोकरीसाठी इंग्रजीत शिफारसपत्र लिहून दिलं, त्यात तो व्हेरी ऑफिशियस आहे असं लिहिलं, मला वाटलं कामाला तत्पर. पत्र गेल्यावर भाची म्हणाली, मावशी याचा अर्थ भोचक होतो. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मी पोराचं नुकसान केलं का?

उत्तर : बाई, आधी शांत व्हा. तुम्ही लिहिलेला अर्थ खोटा नाहीच, फक्त जुना झालाय. लॅटिनमधलं ऑफिशियम म्हणजे कर्तव्य, कोणासाठी केलेली सेवा, त्यावरून ऑफिशियस म्हणजे दुसऱ्याच्या मदतीला धावणारा. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश काढला त्यात हा चांगला अर्थ आधी दिलाय, लुडबुड्या हा नंतर. आणि याच जॉन्सनच्या घरी रॉबर्ट लेव्हेट नावाचा एक साधा वैद्य राहायचा, लंडनच्या गरिबांना औषधपाणी करायचा, तो १७८२ साली गेला तेव्हा जॉन्सनने त्याच्यावर कविता लिहिली आणि तिच्यात त्याला ऑफिशियस म्हटलंय, अगदी मनापासून, कौतुक म्हणून. तुमच्या मनात जे होतं तेच.

पण आज हॉटेलात पत्र वाचणारा तो अर्थ घेणार नाही, त्याच्या लेखी ऑफिशियस म्हणजे अधिकार नसताना हुकूम सोडणारा, कोणी न बोलावता मध्ये पडणारा. तेव्हा वेळ न घालवता दुसरं पत्र पाठवा, ऑब्लायजिंग, म्हणजे मदतीला तत्पर, असं लिहा, नाहीतर सरळ ऑलवेज रेडी टु हेल्प. ईगर बीव्हर मात्र लिहू नका हं. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात रुळलेला शब्द, बीव्हर हा झाडं कुरतडून ओढ्याला बांध घालणारा प्राणी, दिवसरात्र कामात, म्हणून सांगितल्यापेक्षा जास्त राबणाऱ्याला तसं चिडवतात. चिडवण्यात राग नसतो पण पत्रात ते शोभत नाही. आणि एक सांगू का, आपण मराठीत काम मागून घेणाऱ्या पोरालाही आगाऊ म्हणतो आणि दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्यालाही आगाऊच, हे मला फार खटकतं, उत्साहाने पुढे येणाऱ्याला भोचकांच्या रांगेत बसवू नये.

प्रश्न : दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसणाऱ्याला इंग्रजीत नोझी पार्कर म्हणतात तो पार्कर कोण? (मडगाव)

उत्तर : नक्की कोणी नाही. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांचं नाव सांगतात पण त्याला पुरावा नाही, जुन्या छापील उल्लेखांपैकी एक मिळतो तो १९०७ च्या एका पोस्टकार्डावर. नाक मात्र सगळीकडे तेच, आपण खुपसतो, इंग्रज पोक करतात, आणि आपल्या आजोबांच्या पिढीचं पोर्तुगीजही नारिझ घालतंच. बिझीबॉडी, म्हणजे लुडबुड्या, हा त्याहून कितीतरी जुना आणि कडक शब्द, १६११ च्या इंग्रजी बायबलात खुनी आणि चोर यांच्याच ओळीत तो येतो.

प्रश्न : आमच्याकडे चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना एक काका खाली उभे राहून नुसत्या सूचना करतात, नारळाची पेंड (घड) डावीकडे घे, चिबूड खाली आलं, कांगलां (रानफळं) दिसत नाहीत, स्वतः दोरीला हात लावत नाहीत. यांना इंग्रजीत काय म्हणायचं? (डिचोली)

उत्तर : किबिट्झर! याच्याइतका नेमका शब्द दुसरा नाही. पत्ते खेळणाऱ्यांच्या मागे उभं राहून हे पान टाक, ते टाक करणारा माणूस तो किबिट्झर, मग तिथून कुठल्याही कामात फुकट सल्ला देणारा. अमेरिकेतल्या यिद्दिश बोलणाऱ्या ज्यूंकडून इंग्रजीत आला, आणि मुळात जर्मन कीबिट्स, म्हणजे युरोपातली टिटवी. आपल्या शेतात ओरडते ती तिचीच चुलत बहीण, कोणी बांधावर पाय ठेवला की डोक्यावर घिरट्या घालून कल्ला करणारी. इंग्रजांना तर आपल्या टिटवीचं ओरडणं डिड ही डू इट, डिड ही डू इट असंच ऐकू येतं.