'अलोन इन द डार्क' आज खेळावा का, आणि कसा

तुम्ही विचारलंय की १९९२चा मूळ 'अलोन इन द डार्क', भुताटकीच्या हवेलीतला तो भीतीचा गेम, लॅपटॉपवर सुरू तर झाला, पण पोटमाळ्यावरच जीव जातो, पात्र धड वळत नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. मग हा गेम खेळण्यासारखा आहे की फक्त जुना म्हणून मान द्यायचा? भाऊ, खेळण्यासारखा आहे. फक्त मारामारीचा गेम समजून खेळू नका.

आधी पोटमाळा. खिडकीतून एक प्राणी येतो आणि फरशीतल्या झाकणदारातून दुसरा. एंटर दाबून 'पुश' निवडा, कपाट ढकलून खिडकीसमोर लावा, मग पेटी त्या झाकणदारावर सरकवा. दोघंही बाहेरच राहतात. डर्सेटो नावाची ती हवेली तुम्हाला पहिल्याच खोलीत सांगते की इथे हाताआधी डोकं चालवायचं. पुढे बॉलरूममध्ये नाचणारी भुतं दिसतील, त्यांना धक्का लागू देऊ नका. घराचा मुख्य दरवाजा उघडायचा मोह टाळा. आणि सापडेल ते प्रत्येक पुस्तक वाचायलाच हवं असं नाही. काही पुस्तकं वाचणाऱ्याचा जीव घेतात. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्याला जशी कुठली पायरी वाजते ते पाठ असतं, तसं हे घर पाठ करावं लागतं.

आता कॅमेरा, कारण तुमची खरी तक्रार तीच आहे. त्या काळच्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकाला अख्खं घर थ्रीडीत काढणं झेपणारं नव्हतं. फ्रान्सच्या इन्फोग्राम्समध्ये फ्रेडरिक रेनाल आणि त्याच्या चमूने तोड काढली: खोल्या म्हणजे आधीच काढलेली चित्रं, आणि त्यांवर फक्त माणसं, राक्षस पॉलिगॉनचे, म्हणजे सपाट बहुकोनी तुकडे जोडून केलेले थ्रीडी. चित्र ठरलेलं, म्हणून कॅमेराही ठरलेला. पण तो कुठे ठेवायचा हे त्यांनी फार विचारपूर्वक ठरवलंय. कधी छताच्या कोपऱ्यातून, कधी जमिनीलगत. आपण चालत असतो आणि दुसरंच कोणीतरी आपल्याला बघत असतं. कोपऱ्यापलीकडे काय आहे ते पात्राला दिसेल, आपल्याला नाही. मला आजही भीती वाटते ती इथे. त्या टोकदार राक्षसांची नाही. १९९६मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल' या गेमने हीच मांडणी घेतली आणि आमच्या पिढीतल्या कित्येकांनी ती तिथेच पहिल्यांदा पाहिली. म्हणून मूळचा गेम मागे पडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वळण्याचं म्हणाल तर 'वर'चा बाण म्हणजे पात्राच्या नाकासमोर, स्क्रीनच्या वर नाही. कॅमेरा बदलला तरी दिशा बदलत नाही. हे एकदा बोटात बसलं की त्रास संपतो. धावायला तोच बाण पटकन दोनदा.

डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसचे गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, वेग जास्त वाटला तर कंट्रोल-एफ११, कमी वाटला तर कंट्रोल-एफ१२. मिळाली तर सीडीची आवृत्ती घ्या, त्यात पत्रं आणि डायऱ्या आवाजात ऐकू येतात. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात कूलर सुरू असेल तर हेडफोन हवेतच. पावलांचे आणि दारांचे आवाज त्या घरघरीत बुडाले तर अर्धा गेम गेला. सेव्ह वेगवेगळे करून ठेवा.

सगळंच उत्तम आहे असं नाही. घराखालच्या गुहांत उड्या मारत जायचं ते मला कंटाळवाणं वाटतं, तिथे वाटाड्या (वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा सोडवायचा ते सांगणारा मजकूर) उघडून बघितला तरी चालेल. वरच्या मजल्यांवर मात्र बघू नका. २०२४ साली याच नावाने नवा गेम आलाय, त्यात कॅमेरा खांद्यामागे असतो. तो आधी खेळलात तरी मूळचा खेळून झाला असं होत नाही.

सुरुवातीला निवडायच्या दोन पात्रांपैकी कार्नबी की एमिली, हेही विचारलंत. कोडी दोघांनाही तीच. पण कार्नबी पैशासाठी आलेला डिटेक्टिव्ह आहे, आणि एमिली त्या घरात गळफास घेतलेल्या जेरेमीची पुतणी. डायऱ्या वाचताना हा फरक जाणवतो, म्हणून मी एमिली घेईन.