1 ते 15 आकडे एका ओळीत असे लावायचे की शेजारच्या दोघांची बेरीज वर्गसंख्या यावी. माझा पायथन प्रोग्राम सगळी पर्म्युटेशन काढून तपासतो पण संपतच नाही, काय करू?

लॉजिक चुकलेलं नाहीये तुमचं, पण अख्खी ओळ लावून झाल्यावर तपासताय ना, तिथेच सगळा वेळ जातोय. 15 आकड्यांच्या मांडण्या होतात 1307674368000, सेकंदाला 10 लाख तपासल्या तरी पंधरा दिवस जातील. आणि 1 च्या पुढे 2 ठेवला तर बेरीज 3, विषय तिथेच संपला, तरी तुमचा प्रोग्राम उरलेल्या 13 आकड्यांच्या 622 कोटी मांडण्या इमानदारीत करत बसतो!

यावर उपाय म्हणजे बॅकट्रॅकिंग, म्हणजे अडलं की मागे फिरायचं. त्यात आकडा ठेवतानाच तपासायचं, जमला तर पुढच्या जागेसाठी तेच फंक्शन परत बोलवायचं, आणि पुढे काहीच बसेना झालं की शेवटचा आकडा उचलून दुसरा लावून बघायचा. बस एवढंच आहे ते.

पण कोड लिहायच्या आधी प्रत्येक आकड्याशेजारी कोण बसू शकतं याची यादी करा, हे मी अगदी आग्रहाने सांगेन, कारण अर्धं कोडं तिथेच सुटतं. 8 ला फक्त 1 चालतो, 9 ला फक्त 7. 1 ला 3, 8, 15 आणि 3 ला 1, 6, 13 असे तीन-तीन पर्याय, बाकी सगळ्यांना दोनच. म्हणजे 8 आणि 9 टोकालाच येणार, मग सुरुवात 8 पासूनच करायची.

आता बघा, 8, 1 आणि पुढे 3 घेतला तर 6, 10, 15 वर गाडी अडते, 15 ला उरलेलं कोणी चालत नाही. मागे 3 पर्यंत या, 6 ऐवजी 13 घ्या, तर 12, 4, 5, 11, 14, 2, 7, 9 असं मस्त टोकापर्यंत जातं पण 6, 10, 15 बाहेरच राहतात. परत मागे, थेट 1 पर्यंत, आणि 3 ऐवजी 15: 8, 1, 15, 10, 6, 3, 13, 12, 4, 5, 11, 14, 2, 7, 9. झालं! दोनदा अडलो फक्त, आणि उलटं वाचलेलं सोडलं तर दुसरं उत्तरच नाही.

कोडमध्ये लोक हमखास दोन ठिकाणी अडकतात. एक म्हणजे मागे येताना आकडा लिस्टमधून काढतात पण 'वापरलेला' ही खूण काढायची राहते, मग पुढे तो आकडा कुठेच मिळत नाही आणि प्रोग्राम म्हणतो उत्तर नाही. दुसरं, उत्तर सापडल्यावर तीच लिस्ट साठवतात. पायथनमध्ये ती कॉपी नसते, त्यामुळे मागे येत येत ती रिकामी होते आणि शेवटी प्रिंट केल्यावर रिकामे कंस दिसतात. कॉपी करूनच साठवा.

4 बाय 4 च्या जादूच्या चौरसालाही (1 ते 16 आकडे असे भरायचे की प्रत्येक आडव्या, उभ्या आणि तिरक्या ओळीची बेरीज 34 यावी) हेच, फक्त तिथे ओळीतले तीन भरले की चौथा शोधायचा नाही, तिघांची बेरीज 34 मधून वजा करून काढायचा, आणि तो आधीच वापरलेला किंवा 1 ते 16 च्या बाहेरचा निघाला तर लगेच मागे फिरायचं.

आणि हो, 15 जमलं की 16 आणि 17 पण चालवून बघा, जमतात. 18 ला मात्र प्रोग्राम चालवायची गरजच नाही, कारण 16 ला फक्त 9 चालतो, 17 ला फक्त 8, 18 ला फक्त 7, म्हणजे टोकाला बसणारे तीन झाले आणि ओळीला टोकं दोनच.