पन्हाळा–पावनखिंडसाठी महागडं रेन जॅकेट घ्यावं का?

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालायचंय, सॅक हलकी ठेवायचीय, तर 10 हजारांचं ‘ब्रीदेबल’ जॅकेट घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. या ट्रेकसाठी नको.

जॅकेटच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दमट असेल, तरच त्यातलं मेंब्रेन (पाणी अडवून वाफ जाऊ देणारा पातळ पडदा) घामाची वाफ बाहेर टाकतं. जुलैतल्या सह्याद्रीत बाहेरची हवाच पाण्याने गच्च, थंडी बेताची, आणि तुम्ही सॅक घेऊन चढ चढताय. वाफ जाणार कुठे? शिवाय सॅकच्या पट्ट्यांखाली कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजतो. मग कापडच पाणी पितं आणि उरलीसुरली वाटही बंद. आतून घामाने भिजायचं ते भिजायचंच, 10 हजारांचं घ्या नाहीतर हजाराचं.

तेव्हा भिजणार हे धरूनच चाला. जॅकेटचं खरं काम वारा अडवणं. वाटेतल्या मसाई पठारावर आडोसा नाही. ओल्या अंगावर तिथला वारा लागला की 20 अंशातही दात वाजतात. त्यासाठी कोटिंगवालं, शिवणींना आतून टेप असलेलं 200-300 ग्रॅमचं साधं नायलॉन जॅकेट पुरतं. टोपी आवळायला दोरी हवीच, काखेत चेन मिळाली तर उत्तम. जाड पीव्हीसीचा रेनसूट बाइकवर ठीक, चढावर नुसता छळ. आत ड्रायफिट. कॉटन नको, जीन्स तर नाहीच. आणि ओल्या कपड्याने घासून सोलवटू नयेत म्हणून निघण्याआधीच मांड्यांना व्हॅसलीन.

पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, मला आवडतो. हवा खेळती राहते, सॅकही झाकली जाते. पण पठारावर त्याचा पतंग होतो आणि उतारावर पायाखालचं दिसत नाही, म्हणून कमरेला दोरी बांधायची. (वाकून भातलावणी करायला इरल्याला अजून तोड नाही, पण ते घेऊन झाडीतून चालून दाखवा!)

वाचलेले पैसे सॅकच्या आतल्या बाजूला लावा. रेनकव्हर पाठीकडून झिरपणारं पाणी अडवत नाही, ते तळाशी साचतं. सॅकमध्ये मोठी जाड प्लास्टिक पिशवी घालून सामान तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडा. कपड्यांचा एक कोरडा जोड फक्त मुक्कामासाठी. सकाळी पुन्हा ते थंडगार ओले कपडेच चढवायचे. शिव्या येतात तोंडात, पण कोरडे घालून निघालात तर अर्ध्या तासात दोन्ही जोड ओले.

उद्या ऑगस्टात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणार असाल तर हिशेब वेगळा. तिथलं मुक्कामाचं गाव घांघरिया 3,000 मीटरच्या वर आहे, हवा थंड, मेंब्रेन तिथे बरंच काम करतं. तेव्हा घ्या महागडं.

आणि घरात जुनं जॅकेट असेल तर आधी ते उलटं करून बघा. आतला थर चिकट झाला असेल किंवा पापुद्रे सुटत असतील तर ते गेलं. नसेल, तर अंगात घालून पाच-दहा मिनिटं शॉवरखाली उभे राहा. खांद्याच्या शिवणीतून पाणी आत आलं नाही, तर नवीन घेऊच नका.