लेव्हलिंग किट (गाडीचा पुढचा भाग उचलून मागच्याच्या पातळीला आणणारे स्पेसर) पहिल्यांदाच घरी बसवताना
आधी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजून ठेव. गाडी नुसत्या जॅकवर नको, चॅसीखाली स्टँड हवेतच. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या भागाच्या) वरचे कडेचे नट (बहुतेक गाड्यांना 3) तेवढे काढ. मधल्या नटाला हातही लावू नकोस! खाली दाबलेली स्प्रिंग असते, सुटली तर जिवावर बेतेल. स्टॅबिलायझर लिंक (अँटी-रोल बारला जोडणारी दांडी) दोन्हीकडची सोड, नाहीतर लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) पुरेसा खाली येत नाही. ब्रेक होज ताणू देऊ नकोस. स्ट्रटच्या वर बसणारा 1 इंची स्पेसर गाडी साधारण 2 इंच उचलतो, त्यामुळे जाड स्पेसरचा मोह टाळ. ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट जातात. लोअर आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच टॉर्क रेंचने आवळ, अधांतरी आवळलेस तर बुश (सांध्यातले रबर) पिळून फाटतात. मग लगेच चाकांचं अलाइनमेंट करून घे. हेडलाइटचा झोतही खाली घे.