स्टॅटिस्टिक्स येत नसताना डेटा अ‍ॅनालिसिस सॉफ्टवेअरची डिझाइन टीम सांभाळता येईल का?

येईल की. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो, शिक्षण फाइन आर्ट्सचं, दहावीनंतर गणिताचं तोंड पाहिलं नव्हतं. तरी कारखान्यांच्या लॅबचा डेटा तपासायचं सॉफ्टवेअर असतं ना, त्याची डिझाइन टीम सात वर्षं सांभाळतोय. पण पहिल्या वर्षी मी माती खाल्ली ती ऐका.

स्क्रीन फार गजबजलेली वाटली म्हणून मी सगळे फिल्टर (कुठल्या नोंदी धरायच्या, कुठल्या गाळायच्या ते ठरवणारे) एका बटणामागे ढकलले. दिसायला झकास, डेमोत साहेब खूश. महिन्याभराने एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये गेलो तर तिथल्या बेननी आमच्या स्क्रीनशेजारी एक्सेल उघडून ठेवलेलं, वर एक वही पण! विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या सरासरीत कुठल्या बॅच धरल्या आणि कुठल्या गाळल्या ते मला दिसत नाही, ऑडिटवाला आला तर त्याला काय तुमचं बटण दाखवू? मग दोन दिवस त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसलो, तेव्हा कुठे कळलं की त्यांना गर्दीचा त्रास नव्हताच, आम्ही गुपचूप काय करतोय याची धास्ती होती.

आता चार्टच्या डोक्यावर कायम एक ओळ असते, 1240 पैकी 1187 नोंदी, 53 वगळल्या, क्लिक केलं की कोणी, कधी, का वगळल्या ते येतं. सुंदर वगैरे अजिबात नाही. पण एक्सेल बंद झालं (वही अजून आहे, असू दे).

एक्सेलचीही गंमतच आहे. मार्च1, सेप्ट2 अशा नावांचे जीन (म्हणजे जनुकं) टाइप केले की ते परस्पर तारीख करून टाकायचं, शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने जीनचीच नावं बदलली, 2020 मध्ये ते जाहीर झालं.

टीमच्या बाबतीत माझा एकच हट्ट, रिव्ह्यूला खोटा डेटा आणायचा नाही. फिग्मात (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) बारा गोंडस आकडे भरले की कुठलाही चार्ट छान दिसतो, मग खऱ्या फाइलमध्ये रिकामे रकाने, उणे आकडे, हातभर लांब कॉलमची नावं आली की सगळं फाटतं. पोरं वैतागतात, वैतागू देत. आणि लॅबमध्ये जाताना एक डेव्हलपर सोबत न्यायचाच, नाहीतर परत येऊन तेच भांडण ऑफिसात.

स्टॅटिस्टिक्स म्हणाल तर अ‍ॅन्सकोंब या संख्याशास्त्रज्ञाचे 1973 चे चार डेटासेट आधी बघा. प्रत्येकात 11 बिंदू, सरासरी आणि कोरिलेशन (दोन आकडे एकमेकांसोबत किती बदलतात ते) जवळजवळ सारखंच, आणि ग्राफ काढला की चारही एकदम वेगळे. बाकीचं अ‍ॅनालिस्टला विचारत गेलात की येतं, फक्त विचारायला लाजू नका, मी पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना असा निकाल नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता) तीन वेळा विचारलीये.